मोठ्या बाईंची मांजरपेटी

आदिलाबादच्या बाजारात मी एका मेडिकलसमोर उभी होते. दुकानदारानं पट्टीचा रोल आणि सलाईनची छोटी बाटली काउंटरवर ठेवली आणि सवयीनं विचारलं, "पेशंट कोण?" मीही सवयीनं सांगितलं, "मांजर." तो हसला, मी हसले, आणि तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. फोन माझ्या थोरल्या दिरांचा होता. आमच्या घरी थोरला दीर धाकट्या भावजयीशी तोंडावर बोलत नाही. अगदीच काही सांगायचं असलं तर ते भिंतीकडे पाहून सांगतात आणि आपण ते भिंतीकडूनच ऐकायचं. फोन तर त्यांनी मला आजवर कधी केला नव्हता. "लहानी, घरी ये," ते म्हणाले. "मोठी गेली..." आणि फोन ठेवला. मोठ्या बाई दुपारी कापसाच्या वेचणीवरून घरी आल्या, ओसरीवर बसून तांब्याभर पाणी प्यायल्या, भिंतीला टेकल्या आणि त्या टेकल्याच, असं मला घरी पोचल्यावर कळलं. दुकानदार विचारत होता, "और कुछ?" मी मानेनंच नाही म्हटलं आणि पिशवी छातीशी धरून बेल्याच्या बसकडे निघाले.

मोठ्या बाई म्हणजे माझी थोरली जाऊ. नाव कमलबाई, पण त्या नावानं त्यांना फक्त रेशनकार्ड ओळखायचं. बाकी सगळ्या गावाच्या त्या मोठ्या बाई, आणि मी त्यांची लहानी. बेल्याजवळच्या आमच्या गावात कापूस आणि ज्वारी करणारी जी चार-दोन जुनी मराठी घरं आहेत, त्यांतलं आमचं एक. मी बाजारहत्नूरहून या घरात सून म्हणून आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. जावाजावांचं कसं असतं ते वाचणाऱ्यांना मी सांगायला नको. पहिली काही वर्षं आम्हीही सगळ्यांसारख्याच भांडलो. चुलीवरून, पाण्यावरून, माझ्या शिलाई मशीननं ओसरी अडवली त्यावरून. मग एका मांजरीमुळे आमचं भांडण मागे पडलं. म्हणजे भांडलो पुढेही, पण ती भांडणं घरच्या माणसांची होती.

दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या वस्तूंची वाटावाट निघाली. लुगडी नणंदांनी नेली, डोरलं सासूबाईंनी पेटीत ठेवलं, विळा थोरल्या दिरांनी स्वतःकडे ठेवून घेतला. उरली ती मांजरांच्या औषधांची गुलाबी पेटी. ती कोणी मागितली नाही. थोरले दीर भिंतीकडे पाहून म्हणाले, "पुढच्या सोमवारी आदिलाबादले जानं हाय. जनावराच्या दवाखान्यात देऊन टाकतो. घरात आता कोन उघडते तिले?" त्यांचं खरं होतं. मी मांजराला हात लावत नाही. लहानपणी बाजारहत्नूरला एका बोक्यानं माझा हात मनगटापासून कोपरापर्यंत फाडला होता. त्याचे वण अजून आहेत, आणि भीती वणांपेक्षा पक्की आहे. मोठ्या बाईंच्या त्या पेटीसाठी मी शिवण शिवली, औषधं आणली, कात्री दिली, पण मांजर... नाही. पेटी घरातून जाणार हे मला सहन होत नव्हतं, आणि ती राहावी म्हणून जे करायला हवं ते माझ्या हातून होणार नव्हतं.

त्या पेटीची सुरुवात झाली ती एका हिवाळ्यात. वेचणी संपत आली की आमच्याकडे पुढच्या खोलीत कापूस भरतात, पार आढ्याला टेकेपर्यंत. भाव पटेपर्यंत माणसं ओसरीत झोपतात आणि कापूस खोलीत. त्या ढिगावर काबरी राहायची. काबरी म्हणजे काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या ठिपक्यांची आमची मांजरी. उंदीर मारणं हे तिचं काम, बाकी वेळ झोप. थंडीत मात्र सकाळी ती न्हाणीतल्या दगडाजवळ येऊन बसायची, कारण तिथं गरम पाण्याची ऊब लागायची. एका सकाळी मोठ्या बाईंनी हंड्यातलं उरलेलं कढत पाणी न पाहता न्हाणीत फेकलं, आणि जो आवाज आला तो मी मशीनवरून ऐकला. तो मांजरीचा आवाज आहे हे मला आधी कळलंच नाही. धावत गेले तर काबरी कापसाच्या ढिगात वर कुठेतरी घुसली होती आणि मोठ्या बाई रिकामा हंडा हातात धरून तशाच उभ्या. "म्या नाई पाह्यलं वं," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

मग घरात जे होतं ते सगळं झालं. सासूबाईंनी हळद आणि खोबरेल तेल कालवलं. मोठ्या बाईंनी ढिगावर चढून काबरीला पदरात धरून आणलं, पाठीवर भाजलेल्या जागी ते थापलं, आणि वर ठेवायला म्हणून त्याच ढिगातला कापूस ओंजळभर घेऊन, बोटांनी सरकी काढून, मऊ करून तो लावला. कापसाच्या घरात दुसरं कोणी काय केलं असतं? आमच्याकडे लेकराच्या कानापासून देवाच्या वातीपर्यंत सगळं त्याच ढिगातलं. त्यात सासूबाई ओसरीवर बसून ऐकवत होत्या, "मांजर मेलं तं पाप लागते बाप्पा. सोन्याचं मांजर करून काशीले वाहा लागते. आपल्या घरात कोनी वाह्यलं नाई आजपोतर..." मोठ्या बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. काबरी ढिगात लपून राहिली, दूध पिईना, आणि खोलीत गेलं की वास यायला लागला. तेव्हा मोठ्या बाई सासूबाईंसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आत्याबाई, सोन्याचं मांजर काशीले गेलं तं ह्या मांजरीले काय भेटन? मी हिले दवाखान्यात नेतो." आणि माझ्याकडे वळून, "लहाने, तुही ते कपड्याची टोपली रिकामी कर." या घरात सासूबाईंना उलटं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं होतं, म्हणून टोपली मी लगेच रिकामी केली.

आदिलाबादच्या जनावरांच्या दवाखान्यात मी त्यांच्यासोबत गेले होते, मांजरीपासून जमेल तितकी लांब उभी राहून. पुढे दोन बैलजोड्या, एक लंगडणारी म्हैस, चारपाच बकऱ्या, आणि आमची टोपली. एका शेतकऱ्यानं विचारलं, "टोपलीत काय हाय, कोंबडं?" मोठ्या बाई म्हणाल्या, "मांजर." ते सगळे हसले. मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की हसणं लगेच आटोपलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, तेलुगू बोलणाऱ्या. मोठ्या बाईंना बाजाराची तेलुगू येत होती, डॉक्टरीणबाईंना थोडी हिंदी, आणि दोघींचं बऱ्यापैकी जमलं. डॉक्टरीणबाईंनी जखम उघडली. मग म्हणाल्या, "अम्मा, ये कॉटन किसने लगाया?" कापसाचे तंतू जखमेत रुतून बसले होते आणि वर कातडी धरू पाहत होती. शेतातला कापूस, फवारणी झालेला, धूळ बसलेला... त्यांनी चिमट्यानं एकेक तंतू काढला. काबरी ओरडत होती, मोठ्या बाई तिचं डोकं धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते पुसायला हात मोकळा नव्हता. मी पुढे होऊन माझ्या पदरानं त्यांचे डोळे पुसले. मांजरीच्या तेवढं जवळ मी लहानपणीच्या त्या बोक्यानंतर प्रथमच गेले होते.

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "परवालेदु अम्मा, बच जाएगी." मोठ्या बाई तिथंच फरशीवर बसल्या. आणि उठल्या त्या वेगळ्याच होऊन उठल्या. "मॅडम," त्यांनी विचारलं, "घर में क्या रखना होना?" घरी भाजलं, कापलं, चावलं तर काय हाताशी असावं आणि काय करू नये, हे त्यांनी तिथंच उभं राहून विचारून घेतलं. डॉक्टरीणबाईंनीही कंटाळा केला नाही. भाजलं तर पहिल्यांदा थंड पाणी, बराच वेळ. बर्फ नाही, हळद नाही, तेल नाही. माणसाची तापाची गोळी मांजराला कधीच द्यायची नाही, अर्धीही नाही, पावही नाही, ते त्याला विषच. डेटॉल नाही, फिनाईल नाही. विषारी काही खाल्लं तर मीठपाणी पाजून उलटी काढायची नाही, ज्या पुडीतलं खाल्लं ती पुडी घेऊन सरळ दवाखान्यात यायचं. येताना, न्यायला आलेल्या थोरल्या दिरांच्या मागे मोटरसायकलवर बसून मोठ्या बाई सगळा रस्ता बोटांच्या पेरांवर काहीतरी घोकत होत्या म्हणे. मी आपली बसनं आले. घरी आल्यावर त्यांनी मला ऐकवलं: पुसायचं, बांधायचं, पाजायचं, पाह्यचं. सगळं सामान त्यांनी या चार कामांत बसवून टाकलं होतं.

पण सामान ठेवायचं कशात? "तुह्या रुखवतातली ते गुलाबी पेटी कायले पडून हाय?" त्यांनी सरळ विचारलं. माझ्या माहेरून आलेली मेकअपची पेटी होती ती. झाकणात आरसा, आत मखमली कप्पे, लिपस्टिकसाठी खाचा. मी ती लग्नानंतर चारदा उघडली असेल. पण मागितली कशी, सरळ! मी फणकारून म्हटलं, "मोठ्या बाई, त्या पेटीत मी माहा मेकप ठेवते." त्या म्हणाल्या, "मांजरीचा ठेवू आता. तू तं तशीबी बरी दिसतं." आता यावर काय भांडणार? पेटी दिली. लिपस्टिकच्या खाचांत सुई नसलेल्या सिरिंजा अगदी बरोबर बसल्या, पाणी पाजायला. पावडरच्या जागी पट्ट्या आणि चिकटपट्टी. आरशाखाली चिमटा, बोथट टोकाची कात्री, छोटी टॉर्च. एक थर्मामीटर, त्यावर नेलपॉलिशनं लाल ठिपका, म्हणजे माणसाच्या तोंडात चुकून जाऊ नये. मांजराचा ताप कुठून घेतात हे कळल्यापासून आमच्या घरात प्रत्येक जण तो ठिपका दोनदा तपासायचा.

कापसाची मात्र वेगळीच गंमत झाली. पहिल्या खरेदीला मेडिकलमध्ये मी त्यांच्या सोबत होते. त्यांनी पट्टी मागितली, सलाईन मागितलं, जखम धुवायचं ते तपकिरी औषध मागितलं, आणि मग अडल्या. दुकानात आमच्या ओळखीचे दोन शेतकरी उभे होते. मोठ्या बाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि हळूच म्हणाल्या, "आन एक... कापूस." दोघंही वळून पाहायला लागले. एक तर बोललाच, "काऊन वो मोठ्या बाई, औंदा पिकला नाई का?" घरात आढ्याला लागलेला कापूस आणि ही बाई दुकानातून कापसाची गुंडाळी विकत घेते! मला हसू आवरेना. पण मोठ्या बाईंनी गुंडाळी पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "पिकला ना. तो इकासाठी हाय. हा लावासाठी हाय." पुढे गावात ते वाक्य बरेच दिवस फिरलं, आधी थट्टेनं आणि नंतर तसं नाही.

काबरी बरी होत असताना नवीनच अडचण आली. ती जखम चाटायची. डॉक्टरीणबाईंनी गळ्यात घालायची एक नरसाळ्यासारखी कॉलर सांगितली होती, पण ती आदिलाबादला मिळेना. मोठ्या बाईंनी माझ्या मशीनकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. माझ्याकडे कॉलरीत घालायचं बकरम होतं, ते जाड कडक कापड. मी मोजमाप दुरूनच घेतलं. म्हणजे मोठ्या बाईंनी मांजरीच्या गळ्याला दोरा गुंडाळून तो मला आणून दिला. मी पंख्यासारखं कापलं, कडेला मऊ पट्टी लावली, मागे नाडी. पहिल्या कॉलरीत काबरी उलटी चालायला लागली. दुसरीत ती दारात अडकली. तिसरी बसली. मोठ्या बाईंनी ती घातलेल्या काबरीला मांडीवर घेतलं, खूप वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "लहाने, तुह्या हातात कला हाय वं." माझ्या सगळ्या ब्लाउजांना त्यांनी नावं ठेवली होती, बाही आखूड, गळा मोठा... आणि कौतुक केलं ते मांजरीच्या कॉलरीचं. मला ते आजही पुरतं.

त्यानंतर दुपारी त्यांचा एक उद्योग सुरू झाला. मांजर बरं असतानाच त्याला हाताळायची सवय करावी, म्हणजे दुखलं-खुपलं तर ते हात लावू देतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. जेवणं आटोपली की मोठ्या बाई ओसरीवर पेटी उघडून बसायच्या, मांडीवर जाड टॉवेल, टॉवेलवर काबरी. आणि तोंड सुरू. "आता पाय आत घेतो. पयले पुढचे. मंग टॉवेलचा हा पल्ला इकडून, तो तिकडून, मान मोकळी ठेवतो, नाइतं जीव घाबरते. आता ओठ वर करतो, हिरड्या गुलाबी हायत का पाह्यतो. पांढऱ्या दिसल्या का चाल दवाखान्यात. आता कान..." मी मशीनवरून ऐकायची आणि चिडवायची, "मोठ्या बाई, मांजरीले समजते का तेवढं?" त्या मान वर न करता म्हणायच्या, "तुह्याहून जास्त." एकदा दोनदा त्यांनी मला टॉवेलचं टोक धरायला बोलावलं. मी नाही म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही, कधीच केला नाही. माणसाच्या भीतीला हसायचं नाही, हे त्यांना कोणी शिकवलं होतं कोण जाणे. एरवी मात्र माझ्या प्रत्येक गोष्टीला त्या हसायच्या.

हळूहळू गावातली माणसं यायला लागली. कुत्र्यानं चावलेलं पिल्लू, डोळा चिकटलेला बोका, चाकाखाली शेपटी आलेली मांजरी. मोठ्या बाई तपकिरी औषध पाण्यात घालून फिक्क्या चहासारखं पातळ करायच्या, जखम धुवायच्या, स्वच्छ पट्टी बांधायच्या आणि नेमानं दरडावायच्या, "हे झालं घरचं. आता दवाखान्यात ने." कोणी म्हटलं की मोठ्या बाई, तुम्हीच एखादी गोळी द्या, तर त्याची खैर नसायची. एकदा मात्र शेजारच्या आळीतले एक म्हातारे मांजरी घेऊन आले, विष खाल्लेला उंदीर खाऊन पडलेली. घरच्यांनी तिला आधीच मीठपाणी पाजलं होतं. मोठ्या बाईंनी पेटी उघडलीच नाही. थोरल्या दिरांना मोटरसायकल काढायला लावली, पण मांजरी वाटेतच गेली. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "पेटी मंजे दवाखाना नाई, लहाने. दवाखान्यात पोचेपर्यंत जीव धरून ठेवाची वस्तू हाय ते. लोकाइले हे सांगा लागीन." आणि त्या खरंच सांगत फिरल्या, भजनाला आलेल्या बायकांनासुद्धा.

माझ्या वाट्यालाही ती पेटी एकदा आली. दिवाळीच्या घाईत मशीनची सुई माझ्या बोटातून आरपार गेली. मी अशी ओरडले की बैल दावं तोडायला आले. मोठ्या बाई गोठ्यातून धावल्या, चाक उलटं फिरवून सुई वर घेतली, आणि मी हात झटकायला लागले तर त्यांनी तोच टॉवेल माझ्या हाताला कोपरापर्यंत गुंडाळला. "हालू नको," म्हणाल्या, "आन चावू बी नको." मी रडता रडता हसायला लागले. सलाईननं बोट धुतलं, पट्टी बांधली आणि म्हणाल्या, "ह्या पेटीत धनुर्वाताचं इंजेक्शन नाई. उठ, दवाखान्यात चाल." तिथं डॉक्टरांनी पट्टी पाहून विचारलं, कोणी बांधली, छान आहे. मोठ्या बाई दाराकडे पाहायला लागल्या. मीच सांगितलं, "आमच्या घरी डॉक्टर हायत. मांजराच्या." माझी आई गेल्यापासून कोणी मला असं दटावून दवाखान्यात नेलं नव्हतं. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. आता इथं लिहिते आहे.

यंदाच्या दसऱ्याला त्यांनी पेटी नेहमीप्रमाणे पूजेत मांडली. विळे, कुऱ्हाडी, वखराची लोखंडी पास, माझं मशीन, आणि शेजारी झेंडूचं फूल ठेवलेली गुलाबी पेटी. हा त्यांचाच शोध. आधी मुदत संपलेली औषधं काढून टाकायची, कप्पे पुसायचे, मग कुंकू. सासूबाई आधी नाक मुरडायच्या, पुढे स्वतःच "पेटीले फूल राह्यलं" म्हणून आठवण करायला लागल्या. त्या दिवशी कप्पे पुसता पुसता मोठ्या बाई म्हणाल्या, "माह्यामागं हे पेटी कोन पाह्यीन वं?" मी म्हटलं, "तुमच्यामागं काऊन? तुमी तं आमाले सगळ्याइले पोचवून जासान." त्या हसल्या आणि त्यांनी आरसा पुसायला घेतला. त्यांच्या अंगात तेव्हाच काही होतं का, ते मला माहीत नाही. दिसत तरी नव्हतं.

सोमवार आला तेव्हा पेटी ओसरीवर आणून ठेवली होती. थोरले दीर कपडे घालून तयार, पण निघत नव्हते. एवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. पलीकडच्या गावचं एक जोडपं होतं, आमच्या ओळखीचं नव्हतं. बाईच्या हातात सिमेंटच्या पोत्यात गुंडाळलेला बोका, पुढचा पाय कुंपणाच्या तारेनं फाटलेला, पोतं रक्तानं भिजलेलं. "मोठ्या बाई हायत का?" तिनं विचारलं. मी सांगितलं, त्या गेल्या... महिना होत आला. त्या बाईनं पोतं सावरून घेतलं. वळून नवऱ्याला म्हणाली, "चाला, आदिलाबादले पोचते का पाहू." पोत्यातून थेंब पडत होते. एवढ्या लांबवर बोका जिवंत पोचेल असं तिच्या तोंडावर दिसत नव्हतं.

मी "थांबा" म्हटलं. कोणासाठी म्हटलं ते मला ठाऊक नाही. मी पेटीची कडी उघडली. टॉवेल पसरला, त्या बाईनं बोका त्यावर ठेवला. पहिल्यांदा बोक्यानं पंजा मारला आणि माझ्या मनगटावर लाल रेघ उठली, जुन्या वणांच्या शेजारी. मी हात मागे घेतला. खरं सांगते, तिथंच सोडून द्यावं असं वाटलं. पण तोंडातून शब्द निघायला लागले. "पयले पुढचा चांगला पाय आत. मंग हा पल्ला इकडून, तो तिकडून. मान मोकळी..." ते शब्द माझे नव्हते. हात त्यांच्या मागोमाग गेले. पट्टीची घडी जखमेवर ठेवून दाबून धरली, सारखी उचलून पाहिली नाही. रक्त थांबत आलं तेव्हा वरून पट्टी गुंडाळली, फार आवळली नाही. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. फिक्या होत्या, पण पांढऱ्या नव्हत्या. टॉवेलमधून त्या बोक्याचं काळीज माझ्या तळहातावर धडधडत होतं, आणि माझंही तसंच धडधडत असणार. "आता दवाखान्यात," मी म्हटलं. "थांबू नका. हे फक्त तिथपर्यंत." मी तोच टॉवेल त्यांना देऊन टाकला.

जाता जाता त्या बाईनं विचारलं, "मोठ्या बाईनंच शिकवलं ना तुमाले?" माझ्या तोंडून निघालं, "नाई वो, मले कुठं शिकवलं... त्या मांजरीशी बोलत, मी आयकत होती." मोटरसायकल गेली. मी ओसरीवरच बसले, रक्ताचे हात तसेच. थोरले दीर खांबाशी उभे होते. ते भिंतीकडे वळले आणि भिंतीलाच म्हणाले, "मी इतके वरस पाह्यलं. गोठ्यात, वावरात, कुठंबी... मांजर हाती घेतलं का मोठी एक शबद बोलत नोहती. मुकी होऊन काम करे. ते बोलनं फकस्त इथं चाले, तुह्या मशीनपाशी."

एवढं बोलून त्यांनी अंगातला बाहेरगावचा सदरा काढला, खुंटीला लावला आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेले. मी हात धुतले, कात्री आणि चिमटा उकळत ठेवले, आणि चुलीपुढे बसून पोटभर रडले. मोठ्या बाई, तुम्ही मला एकदाही "ये, शिक" म्हटलं नाही. माझी भीती जिथं होती तिथंच तिला बसू दिलंत, आणि इतकी वर्षं रोज दुपारी मांजरीला सांगत राहिलात.